क्लच तळाला नेला की रस्ता दिसत नाही: कमी उंचीच्या ड्रायव्हरची केबिन कशी बसवायची

माझी उंची चार फूट दहा इंच आणि हातात दहा चाकी ट्रक. त्यामुळे नागपूरजवळच्या वाडीत कुणाकडे कमी उंचीचा ड्रायव्हर नवीन लागला, की सीट बघायला मलाच हाक येते. मुलगा असो की हेवी गाडी शिकून आलेली ताई, तक्रार एकच असते: पाय पुरवला तर डोळे स्टेअरिंगमागे बुडतात आणि डोळे वर आणले तर पाय लोंबतो. मग माणूस बुडाखाली उशी टाकतो, पाय अजून वर जातो, पेडलला लाकूड बांधतो आणि महिन्याभरात क्लच प्लेट बसवायला गॅरेजला उभा राहतो. आधी पाय बसवायचा, मग डोळे. उलटं केलं की हा घोळ परत येतोच.

लक्षणं

- उभ्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. चालत्या गाडीत वरचे गिअर नीट पडतात.
- त्याच गाडीत, त्याच मालावर, एकाच ड्रायव्हरच्या हातात क्लच प्लेट लवकर जाते.
- क्लच दाबताना कंबर सीटवरून उचलली जाते किंवा डावीकडे सरकते.
- ॲक्सिलरेटरवर टाच टेकत नाही, नुसती बोटं. संध्याकाळी उजवी पोटरी दगड होते.
- सीटची पुढची कड गुडघ्यामागे रुतते आणि पायाला मुंग्या येतात.
- रस्ता स्टेअरिंगच्या रिंगच्या आतून बघावा लागतो, हनुवटी सतत वर.
- जोरात ब्रेक मारला की माणूस सीटवरून पुढे घसरतो.
- सिग्नलला बंपरपुढे उभी राहिलेली स्कूटर ती हलल्यावरच कळते.

त्रास कुठे होतो तेही विचारा. ऑटोमोटिव्ह चौक, पारडी, कापसी असं गर्दीतून जाताना गिअर ओरडत असेल आणि समृद्धीवर सगळं शांत असेल, तर गोष्ट क्लचच्या पायाची आहे. उलट शिवमडक्याहून समृद्धीवर चढल्यावर तासा-दोन तासांत मांड्या सुन्न पडत असतील, तर सीटच्या खोलीची. तिथे क्लचचं काम फारसं नसतंच, तरी पाय दुखतो. या एका प्रश्नाने अर्धं निदान होतं.

सगळ्यात आधी: दुसऱ्याचा पाय

खर्च शून्य. सपाट जागी हँडब्रेक लावा, चाकाखाली दगड लावा, एअरचा काटा (टाकीतल्या हवेचा दाब) भरू द्या. इंजिन चालू ठेवून उंच पायाच्या माणसाला क्लच पूर्ण तळाला दाबायला लावा आणि थोडं थांबून रिव्हर्स टाकायला सांगा. त्याच्याही पायाखाली गिअर करकरला, तर दोष तुमच्या उंचीचा नाही, क्लचचा आहे. खालचे उपाय सोडा आणि थेट क्लचच्या भागाकडे जा. त्याच्या पायाखाली मुकाट पडला, तर पेडलचा शेवटचा इंच-दीड इंच तुमच्याकडून दाबला जात नाही, एवढंच.

उभ्या गाडीत क्लच पूर्ण सुटला नाही, तर गिअरबॉक्समधली आतली शाफ्ट फिरतच राहते. पहिला आणि रिव्हर्स टाकताना ते लगेच ऐकू येतं, आणि रिव्हर्सला तर बऱ्याच गिअरपेट्यांमध्ये सिंक्रो (गिअरचे वेग जुळवून देणारा भाग) नसतोच. वरच्या गिअरना सिंक्रो सांभाळून घेतो. म्हणून मालकाला वाटतं, "चालवता येते ना गाडी, मग काऊन ओरडून राहिला?" ही तपासणी त्याच्यासमोरच करा. उंचीवरून बोलणी खाण्यापेक्षा ते बरं.

चप्पल आणि मॅट

चप्पल काढा. अंगठ्याच्या चपलेत टाच सुटते आणि पट्टा पेडलखाली अडकतो. कडक, सपाट, साधारण इंचभर तळव्याचा, मागून बंद असलेला बूट घ्या. स्पोर्ट्स शूजचा गुबगुबीत तळवा नको. त्यात पेडल कुठे लागलं ते कळत नाही आणि दाबलेला अर्धा इंच फोममध्येच जिरतो. बुटाने मिळणारी उंची फुकटची आहे, शिवाय ती दोन्ही पायांबरोबर हलते. पेडलला बांधलेल्या लाकडाचं तसं नसतं.

मग खाली वाकून बघा. नागपूरच्या केबिनमध्ये मूळ मॅटवर दुसरी रबरी मॅट, तिच्यावर पोतं आणि पोत्यावर गोणपाट हा प्रकार सर्रास आहे. उन्हाळ्यात तळ तापतो म्हणून टाकतात, कारण समजतं. पण पेडलमागे मॅटचा थर असला तर पेडल तळाला जाण्याआधीच मॅटवर बसतं. तुम्ही जीव खाऊन दाबता आणि वाट मॅटने अडवलेली असते. पेडलच्या मागची आणि खालची मॅट कापून काढा. पाण्याची बाटली, टॉमी, पाना, काहीही पायांशी ठेवू नका. बाटली ब्रेकखाली गेली तर उंच माणसालाही ब्रेक लागत नाही.

रेल

सीट पुढे येत नाही असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची सीट शेवटच्या खाचेपर्यंत आलेलीच नसते. कोराडी-खापरखेड्याची राख, उमरेडकडचा कोळसा, सांडलेला चहा आणि खर्ऱ्याचा चुरा हे सगळं रेलमध्ये, म्हणजे सीट ज्यावर मागेपुढे सरकते त्या पट्ट्यांत, बसून सिमेंटसारखं घट्ट होतं. टायरवाल्याकडच्या हवेच्या पाइपने रेल फुंका, मग जुना ब्रश आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल घेऊन घासा. ग्रीस लावाल तर बोटावर येईल इतकंच लावा आणि फडक्याने पुसून घ्या. भरपूर ग्रीस लावलं की त्यावर पुन्हा राख बसते आणि पंधरा दिवसांत तीच गत.

आता सीट पुढे ओढा. दोन्ही बाजूंचं लॉक बसल्याचा आवाज आला पाहिजे. नंतर ब्रेकवर पाय ठेवून पाठीने सीटवर जोरात मागे रेटा. सीट तसूभर जरी सरकली तरी गाडी चालवायची नाही. कारण साधं आहे: आपण पाय लांब करून पूर्ण जोराने क्लच दाबतो, तेवढाच जोर उलट्या दिशेने सीटवर येतो. लॉक अर्धवट असलं तर पेडलऐवजी आपणच मागे जातो, आणि ब्रेकच्या वेळी मागे गेलो तर पुढचं सांगायला नको. घसरणारं लॉक तारेने किंवा दोरीने बांधणारेही मी बघितले आहेत. रेलचा सेट बदलायचा, दुसरा इलाज नाही.

गादी पाठीमागे, बुडाखाली नंतर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

ट्रकच्या सीटची अडचण तिच्या उंचीपेक्षा तिच्या खोलीत आहे. बसायची जागा समोरून मागपर्यंत लांब असते आणि आपली मांडी आखूड. पाठ टेकवून बसलो की सीटची कड गुडघ्यामागे रुतते, गुडघा मोकळा वाकत नाही आणि पाय हवेत राहतो. मग पाय पुरवायला आपण पुढे सरकून कडेवर बसतो. पाठीला आधार जातो, कंबर धरते आणि ब्रेक मारला की घसरतो. वरच्या लक्षणांतली निम्मी या एकाच गोष्टीतून येतात.

म्हणून पहिली गादी पाठीमागे घाला. कडक फोम हवा, दाबला तर पटकन न बसणारा. जाडी तीन-चार इंच, कमरेपासून खांद्याच्या खालपर्यंत. पट्ट्यांनी सीटच्या पाठीला पक्की बांधा. आता पाठ पूर्ण टेकवून बसा आणि सीटची कड व गुडघ्याची मागची बाजू यांच्यात बोटं घालून बघा. दोन-तीन बोटं आरामात गेली पाहिजेत. क्लच तळाला दाबा. गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाय काठीसारखा सरळ झाला तर अजून पुढे या. सरळ झालेल्या पायात जोर उरत नाही, आणि धडक बसली तर तो धक्का सरळ खुब्यात जातो.

हे जमल्याशिवाय बुडाखाली काहीही टाकू नका. पाय बसल्यावर डोळ्यांना जितकं कमी पडतं तितकीच जाडी खाली घ्या. तीही कडक फोमची, सीटच्या आकारात कापलेली, पुढच्या बाजूला उतरती, म्हणजे मांडी दाबली जात नाही. मऊ उशी दुकानात बरी वाटते, पण खड्ड्यात ती बसते आणि मग दर खड्ड्याला तुमची उंची बदलते. ब्लँकेटची घडी, दुपट्टा, नवारीची पट्टी यातलं काही रेक्झिनवर टिकत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, घामाने रेक्झिन निसरडं होतं आणि घडीसकट माणूस पुढे जातो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटातल्या (मध्यम आणि अवजड) ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे; पण रस्त्यावर जुन्या गाड्या आहेत तोवर गादीवर जाड सुती खोळ शिवून घ्या. सीट शिवणारा कारागीर माप घेऊन दोन्ही गाद्या बनवून देतो. गादी स्वतःच्या पैशाने करा आणि गाडी बदलली की सोबत न्या. मालकाच्या गाडीत ठेवली तर दुसरा ड्रायव्हर ती डोक्याखाली घेऊन झोपतो.

झुलणारी सीट

स्प्रिंगच्या किंवा हवेच्या सीटला वजन जुळवायचं एक बटण किंवा चाक असतं. आधीचा ड्रायव्हर नव्वद किलोचा असेल आणि तुम्ही पन्नासचे, तर सीट तुमच्याखाली दबतच नाही. ती वरच राहते आणि खड्ड्यात तुम्हाला उडवते, पाय पेडलवरून सुटतो. बसून, काटा मधोमध येईपर्यंत ते फिरवा. हवेची सीट रात्रभरात खाली बसत असेल तर कुठेतरी गळती आहे. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. पाइपाचं तोंड सैल असेल तर घट्ट करता येतं. सीटची फुगणारी पिशवी फाटली असेल तर बदलावी लागते.

स्टेअरिंग आणि बेल्ट

पाय आणि पाठ बसल्यावरच स्टेअरिंगला हात लावा, तोही गाडी उभी असताना. बऱ्याच नव्या गाड्यांत ते वरखाली आणि मागेपुढे होतं. वर्षानुवर्षं गाडी चालवूनही तो खटका माहीत नसलेले ड्रायव्हर भेटतात. छाती आणि स्टेअरिंगमध्ये दहा इंच तरी ठेवा. रिंगची वरची कड डोळ्यांच्या चांगली खाली हवी. खटका पुन्हा लॉक करून स्टेअरिंग हलवून बघा, ते हललं नाही पाहिजे.

बेल्टचा वरचा पट्टा मानेला घासतो म्हणून लोक तो काखेखालून घेतात. तसं करू नका, धडकेत तो बरगड्यांवर येतो. वरचा अडकवायचा बिंदू खाली सरकत असेल तर सरकवा. नसेल, तर ज्या सीटमध्ये बेल्ट सीटलाच बसवलेला येतो तशी सीट हा खरा उपाय आहे, आणि ती कंपनीच्या माणसाकडूनच बसवून घ्यायची. खालचा पट्टा पोटावरून नको, खुब्याच्या हाडांवरून घ्या. नवीन गादीमुळे त्याची जागा बदलते, म्हणून गादी झाल्यावर हे पुन्हा बघा.

डोळे: डॅशबोर्ड, आरसे आणि एक ड्रम

उंच ड्रायव्हरला काचेच्या वरची झालर आडवी येते, आपल्याला डॅशबोर्ड. गणपती, फोनचा स्टँड, बिल्ट्यांचा गठ्ठा, टॉवेल हे सगळं काचेच्या खालच्या कडेला रांगेत असतं आणि आपली नजर नेमकी तिथूनच जाते. देव वर, मधोमध, काचेच्या वरच्या पट्टीजवळ बसवा. बाकी सगळं खणात.

मग ही तपासणी करा. वाडीच्या पार्किंगला सकाळी गर्दी कमी असते. दोनशे लिटरचा रिकामा ड्रम घ्या. त्याची उंची तीन फुटांच्या आसपास, म्हणजे लहान मुलाएवढी किंवा वाकून बसलेल्या माणसाएवढी. इंजिन बंद ठेवा, किल्ली स्वतःच्या खिशात. तुम्ही सीटवर नेहमीसारखे बसा, वाकू नका. क्लीनरला ड्रम बंपरला टेकवून ठेवायला सांगा आणि गाडीपासून एक-एक पाऊल दूर न्यायला लावा. ड्रमची वरची कड दिसली की जमिनीवर खडूने खूण. हेच डाव्या कोपऱ्यातून आणि डाव्या दारापासून बाहेर करा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून डावी बाजू सगळ्यात आंधळी, आणि आपल्या उंचीला ती अजून मोठी. खाली उतरून त्या खुणांमधली जागा डोळ्यांनी बघून घ्या. सिग्नल सुटताना स्कूटरवाले नेमके तिथेच उभे असतात.

आता आरसे. बाजूच्या मोठ्या आरशात आतल्या कडेला गाडीच्या बॉडीची बारीक पट्टी दिसावी, बाकी रस्ता. दारावरचा छोटा गोल आरसा असेल तर तो डावं पुढचं चाक दिसेल असा खाली झुकवा. समोरच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यावर वरून खाली बघणारा आरसा असतो. तो नसेल किंवा फुटला असेल तर बदलून घ्या, कारण बंपरपुढची जागा दाखवणारा तो एकटाच. पुन्हा ड्रम ठेवा. थेट नजरेत नाही आला तरी कुठल्या ना कुठल्या आरशात आलाच पाहिजे. नाही आला, तर बुडाखालची गादी दोन-तीन सेंटिमीटर वाढवा आणि क्लचची गुडघा-तपासणी पुन्हा करा. डोळ्यांसाठी पाय सोडायचा नाही.

पाळीने गाडी चालत असेल तर दर पाळीला आरसे लावावे लागतात. मी सीटच्या रेलवर आणि आरशांच्या दांड्यांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या आहेत. दुसरा ड्रायव्हर हसतो, पण खुणा पुसत नाही.

दोष क्लचचाच असेल तर

वरचं सगळं करूनही गिअर ओरडतो, किंवा दुसऱ्याच्या पायाखालीही ओरडला होता, तर बघा: क्लचच्या तेलाची पातळी डबीवरच्या खुणांच्या मध्ये आहे का, डबीखाली किंवा पेडलच्या मागे ओल आहे का, पेडल स्पंजासारखं लागतं का. तेल सतत कमी होत असेल तर गळती आहे. पेडल मऊ असेल आणि दोन-तीनदा पंप केल्यावर बरं होत असेल तर नळीत हवा असू शकते.

पेडल एकदम जड लागत असेल तर एअरचा काटा बघा. बऱ्याच मोठ्या गाड्यांत क्लचला हवेची मदत असते. टाकीत हवा कमी किंवा ही मदत देणारा बूस्टर खराब असला की सगळा जोर पायाने लावावा लागतो. हलक्या अंगाच्या माणसाच्या बाबतीत तेव्हा पेडल खाली जात नाही, माणूस गादीत मागे दबतो. जाड ड्रायव्हरला हा बिघाड जाणवतही नाही. म्हणून मालक मानत नाही. आपल्याला तो सगळ्यात आधी कळतो.

पातळी, ओल आणि काटा बघणं एवढंच आपलं काम. फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) बसवणं, हवा काढणं, बूस्टर किंवा सिलिंडर खोलणं मिस्त्रीचं. त्याला "क्लच खराब आहे" असं सांगू नका. "उभ्या गाडीत रिव्हर्स करकरतो, उंच माणसाच्या पायाखालीही" असं सांगा. नाहीतर तो आधी पेटी उतरवायची भाषा करतो.

पेडल वाढवणं

हा शेवटचा उपाय, आणि बहुतेकांना लागतच नाही. लाकडाचा ठोकळा, टायरचा तुकडा, तारेने किंवा ट्यूबने बांधलेलं काहीही चालणार नाही. तो निखळून ब्रेकखाली जातो. क्लच आणि ॲक्सिलरेटरला नटबोल्टने पकडणारे, खरखरीत तोंडाचे धातूचे तुकडे बनवता येतात, पण मग टाच टेकायलाही तितकंच उंच, तळाला बोल्टने बसवलेलं पाटं लागतं. नुसतं पेडल वर आणलं आणि टाच हवेत राहिली तर ॲक्सिलरेटर सारखा हलत राहतो.

एअर ब्रेकच्या पेडलला वेल्डिंग, ठोकळा, काहीही नाही. ते थेट हवेच्या व्हॉल्व्हवर काम करतं. लांबी बदलली की किती दाबला की किती ब्रेक लागतो हा हिशेबच बदलतो. ब्रेकपर्यंत पाय पूर्ण जोराने पोचत नसेल तर त्या गाडीवर बसू नका, दुसरी मागा.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. अपंगत्व असलेल्या चालकासाठी गाडीत बदल करायची वाट कायद्यात आहे, पण ती आरटीओच्या मंजुरीतून जाते. बांधून काढता येणारी गादी आणि पेडल-स्टेअरिंगला हात लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी करायची असेल तर आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही लेखी विचारा.

इथे थांबा

- ब्रेक, स्टेअरिंग कॉलम, बेल्टचे बोल्ट, सीटचा पाया: यातलं काहीही सैल, चिरलेलं किंवा वेल्ड केलेलं दिसलं की गाडी उभी करा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. रस्त्यावरच्या वेल्डरकडे नाही.
- स्टेअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर कव्हर, वायर, काहीही उघडू नका.
- सीट बरोबर बसवूनही दोन-तीन आठवड्यांत कंबरेतून गुडघ्याखाली उतरणारी कळ, पायाचा सुन्नपणा किंवा पंजा उचलताना अशक्तपणा राहिला, तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटलच्या ऑर्थो ओपीडीत दाखवा. पंजा उचलतच नसेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, तर त्याच दिवशी जा.

गुडघा फक्त उतरल्यावर दुखत असेल तर सीटला दोष देऊ नका. तुम्ही केबिनमधून उडी मारता. तोंड केबिनकडे, दोन्ही हात दांड्यांवर, एका वेळी एकच पाय हलवायचा. खालची पायरी फार उंच पडत असेल तर तिच्याखाली बोल्टने अजून एक पायरी लावून घ्या.

मालक नवीन गाडी घेणार असेल तर बुकिंगच्या आधी शोरूममध्ये तुम्हाला सीटवर बसवायला सांगा. स्टेअरिंग मागेपुढे होतं का, सीट शेवटच्या खाचेला आल्यावर ब्रेक पूर्ण दाबला जातो का, आणि तोच मॉडेल क्लच-पेडल नसलेल्या एएमटी गिअरबॉक्समध्ये मिळतो का, हे तीन प्रश्न विचारून घ्या.